मधले कुलूप का अडकते?

पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी सरकत नाही, हा अनुभव बहुतेकांना असतो. दार खांद्याने जरासे रेटले की तीच कडी एका बोटाने सरकते. याउलट वर्षभर न उघडलेल्या माळ्याच्या दाराची कडी कितीही रेटारेटी केली तरी जागची हलत नाही. तिला तेलच पाजावे लागते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही कड्या ‘अडकलेल्या’च. पण पहिल्या कडीत काहीही बिघाड नाही, तिच्यावर फक्त दाराचा दाब आहे. दुसरीवर दाब नाही, पण ती गंजली आहे. पहिल्या कडीवर हातोडा मारणारा माणूस चांगली कडी मोडतो आणि दुसऱ्या दाराला खांदा लावणारा नुसताच दमतो.

अडकण्याचे हे दोन प्रकार ओळखायचे कसे, याचे एक सुरेख उदाहरण मोटारीत सापडते. चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरवणाऱ्या काही गाड्यांत पुढची आणि मागची चाके एकमेकांना जखडून टाकणारे एक कुलूप असते. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना त्याची गरज पडते. एरवी महिनोन्महिने कोणी त्याला हात लावत नाही. आणि नेमके गरजेच्या वेळी ते एकतर लागत नाही, किंवा लागले तर सुटत नाही.

आपण उदाहरणासाठी इंग्लंडमध्ये सोलिहल येथे तयार झालेली लँड रोव्हर डिफेंडर ही जुनी गाडी घेणार आहोत. १९८३ साली ती ‘वन टेन’ या नावाने बाजारात आली, १९९० पासून डिफेंडर म्हणून ओळखली जाऊ लागली आणि त्या जुन्या बांधणीची शेवटची गाडी २९ जानेवारी २०१६ रोजी कारखान्याबाहेर पडली. ही कंपनी २००८ साली टाटा मोटर्सने विकत घेतली. तरीही आपल्याकडच्या रस्त्यांवर जुनी डिफेंडर क्वचितच दिसते. मग तिचीच निवड का? कारण तिच्या कुलपात इलेक्ट्रॉनिक असे जवळपास काही नाही. दांडे, दाते, स्प्रिंग आणि एक दिवा. त्यातले बहुतेक सगळे शाळेतल्या भौतिकशास्त्राने समजू शकते.

फूटपट्टी आणि दोन काड्यापेट्या

कुलूप कशाला लावायचे हे कळल्याशिवाय ते का अडकते हे कळणार नाही. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच सरळ कांबीवर घट्ट बसवली, तर वळणावर एक चाक घासत जाईल. म्हणून दोन्ही चाकांच्या मध्ये गिअरांची एक जुळणी बसवतात. ती दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण जोर मात्र दोघांनाही पोचवते. यालाच डिफरन्शियल म्हणतात. त्याची आकृती फळ्यावर काढून समजावणे अवघड जाते, असे अनेक शिक्षक सांगतात. आम्हाला त्यापेक्षा पुढचा प्रयोग बरा वाटतो.

लाकडी फूटपट्टीच्या बरोबर मध्यावर एक भोक पाडा आणि त्यात दोरा बांधा. पट्टीच्या दोन टोकांना सारख्याच लांबीचे व जाडीचे दोन रबरबँड अडकवा आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या टोकाला एकेक काड्यापेटी बांधा. पेट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मधला दोरा हळूच ओढा. दोन्ही पेट्या बरोबरीने सरकतील. आता एका पेटीत खडे भरा आणि पुन्हा ओढा. पट्टी तिरकी होईल, रिकामी पेटी पळेल आणि भरलेली जागीच राहील.

पण खरी गंमत रबरबँडांत आहे. पेट्या वेगवेगळ्या वागत असल्या, तरी दोन्ही रबरबँड जवळजवळ सारखेच ताणलेले दिसतात. म्हणजे पट्टी दोन्ही टोकांना सारखाच जोर देते आहे. आणि तो किती, हे रिकामी पेटी ठरवते आहे. ती जितक्या जोराने सरकते, त्याहून अधिक जोर भरलेल्या पेटीला मिळूच शकत नाही.

डिफरन्शियलही हेच करते. एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्या दगडावर असेल, तर चिखलातले चाक गरगर फिरते. त्याला फिरवायला फारसा जोर लागत नाही, म्हणून दगडावरच्या चाकालाही तेवढाच किरकोळ जोर मिळतो. गाडी जागची हलत नाही. इंजिन कितीही मोठे असले तरी इथे त्याचा काही उपयोग नाही.

आता फूटपट्टीला काटकोनात दुसरी एक काठी घट्ट बांधून ‘टी’ अक्षरासारखा आकार तयार करा. ती काठी मुठीत पक्की धरून, पट्टी तिरकी होऊ न देता ओढा. आता दोन्ही पेट्यांना बरोबरच सरकावे लागेल आणि भरलेल्या पेटीचा रबरबँड अधिक ताणलेला दिसेल. हेच कुलूप. ज्याला पकड आहे, त्याला आता जास्त जोर मिळतो.

डिफेंडरमध्ये अशी तीन डिफरन्शियल आहेत. एक पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, एक मागच्या दोन चाकांच्या मध्ये आणि तिसरे या दोन जोड्यांच्या मध्ये. कारण चारही चाकांना कायमच जोर दिलेला असतो आणि वळणावर पुढच्या जोडीला मागच्या जोडीपेक्षा लांबचा रस्ता पडतो. सायकल ओल्या मातीत वळवून तिच्या चाकोऱ्या पाहिल्या, तर पुढचे चाक बाहेरून जाते हे स्वच्छ दिसते. मधल्या डिफरन्शियलमुळे हा फरक भरून निघतो. पण त्याच मधल्या डिफरन्शियलमुळे चारांपैकी एक जरी चाक अधांतरी झाले, तरी बाकीची तिन्ही चाके हतबल होतात! म्हणून मधल्याला कुलूप दिले आहे. ते लावल्यावर पुढची आणि मागची जोडी एकाच गतीने फिरते. अर्थात पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके एकाच वेळी सुटली, तर या कुलपाचाही उपाय चालत नाही. कारण बाकीची दोन डिफरन्शियल उघडीच असतात.

पेटीच्या आत

मुख्य गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते; तिला ट्रान्स्फर बॉक्स म्हणतात. इथून एक शाफ्ट पुढच्या चाकांकडे आणि एक मागच्या चाकांकडे जातो. मधले डिफरन्शियल या पेटीतच बसवलेले असते. पुढे जाणाऱ्या शाफ्टच्या अंगावर लांब खाचा असतात आणि त्या खाचांवर एक दातेरी स्लीव्ह पुढेमागे सरकते. ती डिफरन्शियलकडे सरकली की तिचे दाते डिफरन्शियलच्या पिंजऱ्याच्या दात्यांत बसतात. पिंजरा आणि पुढचा शाफ्ट एकजीव झाले, की आतल्या गिअरांना एकमेकांवर फिरायला वावच उरत नाही. मग मागचा शाफ्टही मुकाट्याने त्यांच्याच गतीने फिरतो.

चालकाच्या शेजारचा लहान दांडा डावीकडे ओढला, की सांध्यांच्या दांड्या हलतात, पेटीच्या माथ्यावरची एक आडवी पट्टी फिरते, तिच्या खुंटीचे आतले टोक एका फोर्कला ढकलते आणि फोर्क स्लीव्हला. या साखळीत एक स्प्रिंग मुद्दाम ठेवलेली आहे. दाते समोरासमोर आले असतील तर स्लीव्ह लगेच आत जाणार नाही. स्प्रिंग दाबलेली राहील आणि शाफ्ट थोडा फिरून दाते व खाचा जुळल्या, की स्लीव्ह टपकन आत बसेल. सोडतानाही असेच. थोडक्यात, दांडा हलला म्हणजे कुलूप लागले असे नव्हे. दांडा ही चालकाची इच्छा झाली. स्लीव्ह ती पूर्ण करील तेव्हा खरे. म्हणूनच समोरच्या पट्टीवर एक दिवा दिलेला असतो. पेटीवर बसवलेला छोटा स्विच आतल्या हालचालीने दाबला जातो आणि दिवा लागतो.

पीळ

आता पहिल्या प्रकारचे अडकणे पाहू. कुलूप लावून गाडी चिखलातून बाहेर आली. चालक विसरला आणि तशीच डांबरी रस्त्यावर नेली. एक वळण घेतले. आठवण झाल्यावर दांडा उजवीकडे ढकलला. दांडा गेला, पण दिवा विझत नाही. स्टिअरिंगही जड लागते आहे.

काय झाले ते आकड्यांत पाहू. या गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर ११० इंच, म्हणजे सुमारे २.८ मीटर आहे. ‘वन टेन’ हे नाव त्यावरूनच पडले. समजा, मागच्या आसाचा मध्य ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून चालला आहे. पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या सुमारे ८.४७ मीटर येते. पाव वर्तुळ वळताना मागचा आस १२.५७ मीटर चालेल आणि पुढचा १३.३१ मीटर. फरक सुमारे पाऊण मीटर. चाकाचा परीघ अडीच मीटर धरला, तर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा सुमारे ०.३ फेरा जास्त फिरायला हवे. शाफ्टच्या ३.५४ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. म्हणजे केवळ एका काटकोनी वळणात पुढच्या शाफ्टला मागच्यापेक्षा जवळजवळ एक संपूर्ण फेरा जास्त हवा असतो. हे गणित आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. उत्तर पाहून ती चकित होतात.

कुलूप लागलेले असताना हा एक फेरा येणार कुठून? चिखलात प्रश्न नसतो, चाके जरा घसरतात आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर चाके सहजासहजी घसरत नाहीत. मग आधी गिअरांमधली ढिलाई संपते, नंतर टायर ताणले जातात, शाफ्टना स्वतःलाच पीळ बसतो आणि शेवटी कुठेतरी टायर फरफटतो. ओले धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावे, तसे पुढचे आणि मागचे शाफ्ट मधल्या पेटीला दोन बाजूंनी पिळत राहतात. सरळ रस्त्यावरही पीळ बसू शकतो. पुढचे टायर झिजून परीघ नुसता १ टक्क्याने कमी झाला असेल, तर दर १०० मीटरला चाकाचा ०.४ फेरा, म्हणजे शाफ्टचे सुमारे १.४ फेरे इतका फरक साठत जातो. चारही टायर सारखे ठेवा, असे या गाड्यांच्या बाबतीत आग्रहाने सांगतात त्याचे हे कारण.

हा सगळा पीळ स्लीव्हच्या दात्यांवर येतो. समजा, दात्यांमधून २०० न्यूटन मीटर इतका फिरवणारा जोर जातो आहे आणि दाते शाफ्टच्या मध्यापासून ३ सेंटिमीटरवर आहेत. २०० ला ०.०३ ने भागले, तर दात्यांवरचा दाब सुमारे ६,६७० न्यूटन येतो. तेल लागलेल्या पोलादाचा घर्षणांक ०.१ धरला, तरी स्लीव्ह सरकवायला ६६७ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ६८ किलो वजनाइतके बल लागेल. बिचाऱ्या स्प्रिंगच्या ते आवाक्याबाहेरचे आहे. फुगलेल्या दाराची कडी ती हीच.

तेव्हा उपायही तोच. कडी ओढायची नाही, दाब काढायचा. दांडा ‘सोडा’ या बाजूला ठेवून गाडी काही मीटर मागे घ्यायची. ज्या वळणाने पीळ बसला त्याच वळणाने मागे गेल्यास तो तितकाच उलगडतो, हे वरच्या गणितातूनच दिसते. तेही न जमल्यास एका बाजूची चाके कडेच्या मुरमावर किंवा गवतावर घेऊन सावकाश चालवायचे. चाक किंचित घसरले की ‘खट्’ असा आवाज होऊन दिवा विझतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथे मात्र पीळ गेल्याशिवाय कुलूप सुटत नाही. या वेळी जर कोणी दांड्यावर लाथ मारली किंवा लोखंडी पाइप लावून तो रेटला, तर वाकतो तो दांडा, फोर्क किंवा बाहेरचे सांधे. मग बिघाड नसलेल्या यंत्रात खराखुरा बिघाड होतो.

आपल्याकडच्या वाचकांना हा प्रकार वेगळ्या रूपात पाहायला मिळेल. महिंद्राच्या जुन्या जीप, मारुतीची जिप्सी, अलीकडची थार किंवा जिमनी यांत मधले डिफरन्शियलच नसते. एरवी फक्त मागची चाके जोर घेतात आणि दांडा टाकला की पुढची चाके सरळ मागच्यांना जखडली जातात. म्हणजे चारचाकी जोर लावलेली जीप ही कायम कुलूप लावलेल्या डिफेंडरसारखीच. ‘फोर व्हील पडलं, पण निघत नाही’ ही जीपवाल्यांची तक्रार पुष्कळदा या पिळाचीच असते आणि गाडी थोडी मागे घेणे हाच तिचा पहिला उपाय आहे.

गंज

पण मागे घेतले, मुरमावर चालवले, तरी काही फरक पडत नाही. किंवा कुलूप मुळात लागतच नाही, दांडा डावीकडे हलतच नाही. तेव्हा माळ्याची कडी समजावी.

डिफेंडरमध्ये हे बहुधा कुठे घडते, ते आता आपल्याला ओळखता येईल. स्लीव्ह, फोर्क, दाते हे सगळे तेलात बुडालेले किंवा तेलाने भिजलेले असतात; ते गंजत नाहीत. गंजते ती बाहेरची आणि आतली बाजू जोडणारी खुंटी. ही पोलादी खुंटी ॲल्युमिनियमच्या छोट्या घरातून आत जाते. तिच्याभोवती रबराची ओ-रिंग असते, ती तेल बाहेर येऊ देत नाही. म्हणजे तेच तेल खुंटीच्या बाहेरच्या भागाला वंगण म्हणूनही मिळत नाही! वरून चिखल आणि पाणी येते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, तेही त्यात मिसळते. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट पाणी ही विद्युतघटाचीच मांडणी झाली. तिच्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याचा पांढरा क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. पोलादावरचा तांबडा गंजही तसाच फुगतो. खुंटी आणि घर यांच्यामधली केसाएवढी फट भरून जाते आणि खुंटी आवळली जाते. ती रोज फिरत असती, तर हा थर साठण्याआधीच निघून गेला असता. न वापरल्यामुळे जागची जखडली, इतका साधा मामला.

निदानाची रीत शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे, कारण ती कुठल्याही साखळीला लागू पडते: मधोमध तोडा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. दांड्यापासून येणारी कडी पेटीवरच्या पट्टीपासून सोडवायची. आता दांडा हलवून पाहायचा. तो अजूनही जड असेल, तर दोष दांड्याच्या बुडाशी किंवा सांध्यांत आहे. तिथली माती खरवडून, रॉकेलने धुऊन, ग्रीस लावले की काम संपते. दांडा मोकळा असेल, तर पेटीवरची पट्टी हाताने फिरवून पाहायची. ती फिरत नसेल, तर खुंटी आवळली आहे. मात्र ही तपासणी करण्यापूर्वी पीळ काढलेला असला पाहिजे. नाहीतर दोन कारणे एकमेकांत मिसळतात आणि निष्कर्ष चुकतो.

आवळलेल्या खुंटीला घाई चालत नाही. गंज सोडवणारे पातळ तेल तिच्या कडेला टाकून रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचे, आणि पाना लावून पट्टी दोन्ही दिशांना अगदी थोडी थोडी हलवायची. एकाच दिशेला जोर लावण्यापेक्षा पुढेमागे हलवणे जास्त उपयोगी. त्यामुळे गंजाचा भुगा होतो आणि तेल आत शिरते. पहिल्या दिवशी एक मिलिमीटर हलली तरी पुष्कळ. हातोड्याचे घाव ॲल्युमिनियमच्या घराला तडा देतात.

खुंटी सुटली, की बहुतेक जण तिथेच थांबतात. हे मात्र अर्धे काम झाले. गंजाचा भुगा अजून आतच आहे, ओ-रिंग खरवडली गेली आहे आणि येत्या पावसाळ्यात पुन्हा तेच होणार. ते छोटे घर बोल्ट काढून पेटीवरून उचलता येते. उचलण्याआधी आजूबाजूची माती पुसून घ्यावी, नाहीतर ती थेट गिअरांत पडते. मग खुंटी बाहेर काढून बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करायची, घराचे भोक साफ करायचे, जुन्या ओ-रिंगा फेकून नव्या बसवायच्या, ग्रीस लावून खुंटी पुन्हा घालायची आणि ती एका बोटाने फिरते याची खात्री करायची. परत बसवताना खुंटीचे खालचे टोक आतल्या खाचेत बरोबर गेले पाहिजे. ते चुकले तर वरची पट्टी झकास फिरते, पण आत काहीच हलत नाही.

दिव्यावर किती विश्वास ठेवावा

दिवा लागत नाही म्हणजे कुलूप लागले नाही, असे लगेच समजू नये. बल्ब गेला असेल, तार तुटली असेल किंवा स्विच नीट जागेवर नसेल. हा स्विच आट्यांचा असतो आणि किती आत पिळायचा हे आपल्या हातात असते. कुलूप नक्की लागलेले असताना, दिवा लागेपर्यंत स्विच आत फिरवायचा, त्यानंतर आणखी अर्धा आटा देऊन त्याचा नट आवळायचा. पण कुलूप ‘नक्की लागलेले’ आहे हे दिव्याशिवाय कसे ओळखायचे?

त्याची एक परीक्षा आहे आणि ती करताना तर्क फार छान चालवावा लागतो. डिफेंडरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर बॉक्समधून मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. सपाट जागी गाडी उभी करून, मागच्या चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावायचे, हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रल ठेवायचा आणि पुढचे एकच चाक जॅकवर उचलायचे. कुलूप उघडे असेल, तर ते चाक हाताने फिरते, कारण मधले डिफरन्शियल त्याला मोकळीक देते. कुलूप लागलेले असेल, तर पुढचा शाफ्ट मागच्याशी बांधला गेला, मागचा हँडब्रेकने धरला, आणि पुढचे दुसरे चाक जमिनीने धरले. उचललेले चाक थोडीशी ढिलाई सोडून फिरणार नाही. दांडा कुठेही असो, दिवा काहीही सांगो, चाक खरे सांगते.

याच तर्काची दुसरी बाजू मात्र जिवावरची आहे. पंक्चर काढण्यासाठी मागचे एक चाक उचलले आणि केवळ हँडब्रेकवर विसंबून राहिले, तर काय होईल? मागचा शाफ्ट जखडलेला आहे, पण मागच्या डिफरन्शियलमुळे जमिनीवरचे चाक एका दिशेला आणि अधांतरी चाक उलट दिशेला फिरू शकते. पुढची चाके तर मोकळीच आहेत. म्हणजे हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते आणि जॅकवरून पडू शकते. यासाठीच जॅक लावण्यापूर्वी मधले कुलूप लावावे, असे सांगतात. त्यामुळे पुढची चाकेही हँडब्रेकशी बांधली जातात. ठोकळे तरीही हवेतच. आणि ज्या गाडीचे कुलूप गंजून बसले आहे, पण मालकाला त्याचा पत्ता नाही, तिच्याखाली शिरणारा माणूस दांडा डावीकडे आहे एवढ्यावरच भरवसा ठेवत असतो.

वापर हेच वंगण

नेमाने करायचे काम थोडेच आहे. महिन्यातून एकदा मैदानात किंवा कच्च्या रस्त्यावर, सावकाश सरळ चालत असताना, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून कुलूप लावायचे, शेदोनशे मीटर जायचे आणि सोडायचे. दिवा लागला, विझला, एवढे पाहायचे. डांबरी रस्त्यावर हा सराव करू नये, कारण उघड आहे. चाक गरगर फिरत असताना कुलूप कधीच लावू नये. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते एकमेकांवर आदळतात आणि त्यांच्या कडा मोडतात. चिखल समोर दिसला की आधीच लावावे, रुतल्यावर नव्हे. रुतलोच, तर चाके पूर्ण थांबवून मग लावावे. शिवाय कुलूप न लावता एखादे चाक बराच वेळ फिरू दिले, तर मधल्या डिफरन्शियलच्या आतले लहान गिअर त्यांच्या एरवीच्या कामापेक्षा कितीतरी वेगाने फिरतात आणि त्यांचे वॉशर झिजतात. कुलूप वेळेवर लावणे ही डिफरन्शियलचीही काळजीच आहे.

पेटीतल्या तेलाची पातळी गाडी सपाटीवर उभी असताना बाजूच्या बुचाशी पाहावी. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकले पाहिजे. तेल बदलताना बुचाला धातूची पूड लागलेली असते. बारीक राखाडी लगदा असेल तर काळजी नको. दात्याचा तुकडा मिळाला तर पेटी उघडावीच लागते आणि ते काम जाणत्या कारागिरावर सोपवावे.

या कुलपाचा पुढचा इतिहास थोडा गमतीचा आहे. याच जातीची पेटी कंपनीच्या डिस्कव्हरी या गाडीतही होती. १९९८ साली डिस्कव्हरीची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा कुलपाचा दांडाच काढून टाकण्यात आला. कारण एक नवी युक्ती आली होती: जे चाक गरगर फिरते त्याला यंत्राने आपोआप ब्रेक लावायचा. आपल्या प्रयोगातल्या रिकाम्या पेटीवर बोट ठेवण्यासारखेच हे. बोटामुळे तिला ओढणे जड झाले, की भरलेल्या पेटीलाही तेवढाच जास्त जोर मिळतो. कल्पना उत्तम आहे आणि आजच्या बहुतेक गाड्यांत ती वापरतात. पण चाक फिरू लागल्याशिवाय ही यंत्रणा जागी होत नाही. कुलूप मात्र आधीच लावून ठेवता येते. काही मालकांनी पेटीच्या आत शिल्लक असलेल्या कुलपाला स्वतःच दांडा जोडून घेतला आणि काही वर्षांनी, २००४ च्या मॉडेलांत, कंपनीनेही तो परत दिला.